दोन चुलींचं इमान

‘अरे, ती तुझी डब्यात मासा देणारी बाई… ती गेली बघ परवा.’

नांदेडहून शिवराजचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी गच्चीत कपडे वाळत घालत होतो. शिवराज माझा जुना सहकारी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत माझ्याच खोलीत राहणारा. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. आमच्या ओळखीच्या माणसांत ती बाई तीस वर्षं याच नावानं ओळखली जाते. मी ‘अरेरे’ म्हटलं, कधी गेली, कशानं गेली ते विचारलं आणि फोन ठेवला. खरं तर त्याला तिथल्या तिथं सांगायला हवं होतं की तिनं आयुष्यात कुणाच्या डब्यात मासा दिला नाही. सांगितलं नाही. आता इतक्या वर्षांनी फोनवर काय सांगायचं, अशी स्वतःची समजूत घातली आणि राहिलेले कपडे वाळत घातले. मी गणिताचा मास्तर. उत्तर चुकलं की पोरांना गणित पहिल्या पायरीपासून पुन्हा मांडायला लावायचो, मधेच खाडाखोड केलेली चालायची नाही. आज तेच मला करायचं आहे.

तिचं नाव पारूबाई. आम्ही पारूमावशी म्हणायचो. नांदेडात नदीच्या घाटाजवळच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा किशनमामा गोदावरीत जाळं टाकायचा, ती डबे करायची. घर भोयांचं, त्यामुळे मासळी रोजची. पण तिच्याकडच्या सात डब्यांतले पाच आमच्यासारख्यांचे होते. मी उदगीरचा, लिंगायताच्या किराणा दुकानात वाढलेला, शिवराज अहमदपूरचा, बाकीचेही तसेच, कांद्यालसणापलीकडे ठसका न माहीत असलेले. भोयाच्या घरून आम्ही डबा घेतो हे ऐकून आमच्या हेडसरांना चैन पडेना. मुलगी बघायला जावं तसे ते एकदा स्वतः तिच्या घरी गेले, सगळं हिंडून पाहून आले आणि म्हणाले, ‘बिनघोर जेवा. एवढी शिस्त माझ्या घरात नाही.’

शिस्त म्हणजे काय, तर तिच्या दोन चुली होत्या. पुढच्या पडवीतली भाजी-भाकरीची, मागच्या अंगणातली मासळीची. पाटे दोन, विळ्या दोन, पळ्या-पातेली दोन-दोन, मिठाच्या बरण्यासुद्धा दोन. पाट्याला टाकी घालून तो खरखरीत करणारी बाई आली की मावशी तिला मासळीच्या पाट्याच्या कडेला एक खाच पाडायला लावायची, म्हणजे अंधारात हात लावला तरी कळावं. मागच्या चुलीवरून उठली की हातपाय धुऊन लुगडं बदलल्याशिवाय ती पुढच्या चुलीपाशी बसत नसे. तिची मुलगी संगीता तेव्हा आठेक वर्षांची. तिनं एकदा मागची पळी पुढं आणली, तर मावशीनं पुढचं सगळं वरण नालीत ओतलं आणि नव्यानं डाळ शिजायला घातली. त्या दिवशी आमचे डबे दोन वाजता आले. उशीर का झाला हे तिनं आम्हाला स्वतःहून सांगितलं. असलं सांगून गिऱ्हाईक जाईल की राहील, याची तिला फिकीर नव्हती. ‘चुलीचं इमान असतंय, सर,’ म्हणायची.

आणि काय जेवू घालायची! ज्या महिन्याचं त्या महिन्यातच, हा तिचा दुसरा हट्ट. श्रावणात तरोटा आणि अंबाडी, थंडीत हरभऱ्याचा कोवळा पाला, करडईची भाजी, उन्हाळ्यात पालेभाजी संपली की सांडगे आणि चिंचगुळाचं वरण. बाजारात अवेळी आलेला फ्लॉवर कुणी मागितला, तर ‘त्याला अजून स्वतःची चव ठावी न्हाई’ म्हणून उडवून लावायची. मागच्या चुलीलाही हाच नेम. उन्हाळ्यात कैरी घालून झिंगे, थंडीत हिरव्या लसणातली वाम आणि पावसाळ्यात अंबाडीच्या पाल्यात शिजवलेली मरळ. पोटात अंडी धरलेला मासा मामानं आणला तर ती त्याला तसाच परत नदीवर पाठवायची. हे सगळं मला इतकं बारकाईनं माहीत आहे, कारण मागच्या चुलीपाशी मी दोन वर्षं दर रविवारी बसत होतो.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. सुरुवात माझ्याकडून झाली, तिच्याकडून नाही. एका पावसाळी रविवारी डबेवाला पोरगा आला नाही म्हणून मी स्वतः डबा आणायला गेलो, तर मागच्या अंगणातून अंबाडीच्या आंबट वाफेत मिसळून कसला तरी वास आला. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, हे तुमचं नाही. मी पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्याही. ती नाही म्हणत राहिली. तुमच्या आईनं तुम्हाला माझ्या भरवशावर सोडलंय, ते पाप माझ्या माथी मारू नका म्हणाली. शेवटी मी, शिकला-सवरलेला मास्तर, तिच्यापुढं लहान मुलासारखा हट्टाला पेटलो. तेव्हा तिनं मला तुळशीपुढं उभं केलं आणि वदवून घेतलं, की मी माझ्या मनानं मागतोय, मला कुणी भरीला घातलेलं नाही. मी वदलो. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

तेव्हापासून रविवारी दुपारी गळ्यातलं लिंग खोलीतल्या खिळ्याला अडकवायचं आणि घाटाकडे निघायचं, असा माझा क्रम झाला. इतकी लाज मात्र तेव्हाही होती. शिवराजला एवढंच माहीत होतं, की रविवारचा डबा मी तिथंच जाऊन खातो. मावशी मला नेहमी मरळच द्यायची, कारण तिला मधला एक काटा सोडला तर फारसे काटे नसतात. तरीसुद्धा ती आधी स्वतः बोटांनी चाचपून मग माझ्या ताटात वाढायची. ज्याच्या सात पिढ्यांनी मासा खाल्ला नाही त्याच्या जिभेला काटा ओळखता येत नाही, असं तिचं म्हणणं. आमच्या घरी पोर बोलायला लागायच्या आधी काटा काढायला शिकतं, तुम्ही पंचवीस वर्षांचे होऊन आलात म्हणायची. खाताना बोलायचं नाही, ही ताकीद दर रविवारी मिळायची. करडईच्या तेलात परतलेला लसूण, अंबाडीचा आंबटपणा, गरम ज्वारीची भाकरी… मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी जेवलो, पण त्या अंगणात जितक्या सुखानं जेवलो तितक्या सुखानं कुठं जेवलो नाही.

शेवटच्या त्या रविवारी धरणाचे दरवाजे उघडलेले, नदी गढूळ, मरळ मिळाली नव्हती. मामानं कुठून तरी रोहू आणला होता. मावशी म्हणाली, आज राहू द्या, हा काट्यांचा मासा आहे. मी ऐकलं नाही. ती माझ्या वाट्याचे काटे काढायला बसली, तेवढ्यात पुढं कुणी डबा परत करायला आलं म्हणून हात धुऊन उठली. मी थांबलो नाही. मामाशी कसल्या तरी फालतू गप्पा मारत मी घास घेतला, आणि काटा घशात आडवा बसला. तिनं येऊन कोरड्या भाकरीचे गोळे गिळायला लावले, केळी दिली. काटा हलेना. ती म्हणाली, मामाला घेऊन थेट डॉक्टरकडे जा. मी म्हटलं, माझा मी जातो. डॉक्टर आमच्या शाळेतल्या एका मुलाचे वडील, ओळखीचे. गळ्यात लिंग नाही हे त्यांना दिसू नये म्हणून मी आधी खोलीवर गेलो. घशात काटा अडकलेला माणूस आधी लिंग घालायला जातो, यावरून मी कसा होतो ते समजून घ्या.

खोलीत खाटेवर माझे वडील बसले होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. लातूरच्या चांगल्या घरची मुलगी सांगून आली होती, ती बातमी द्यायला ते न कळवता उदगीरहून आले होते. माझं लिंग त्यांच्या हातात होतं. मी आंघोळ, विसरलो, असं काहीतरी पुटपुटलो, पण खोकल्यानं बोलणं जमेना. अप्पाच मला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी चिमट्यानं काटा काढला, कापसावर ठेवला आणि हसून म्हणाले, ‘मासा खायची सवय दिसत नाही.’ अप्पांनी त्या कापसाकडे बघितलं, मग माझ्याकडे. काहीतरी बोलणं भागच होतं. मी म्हणालो, डब्यातल्या भाजीत आला असेल. कुठलंच गणित मी वर्गात कधी इतक्या झटपट सोडवलं नसेल. लिंग, लग्न, अप्पांचा मान, सगळं एका वाक्यात जागच्या जागी बसलं.

अप्पा भांडखोर नव्हते, पण अन्नाच्या बाबतीत सोडणारेही नव्हते. शिवराजला आणि आणखी दोघांना बरोबर घेऊन ते त्याच दुपारी मावशीच्या दारात जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागे. गल्लीतल्या बायका बाहेर आल्या. अप्पांनी आवाज न चढवता विचारलं, ‘बाई, आमच्या पोराच्या डब्यात मासा कसा आला?’

मावशीनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात, ती नुसती थांबली होती. मी बोलेन म्हणून थांबली असणार… मी मान खाली घातली. माझ्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता, त्याकडे बघत राहिलो. आत किशनमामा हातातलं जाळं खाली टाकून उठला, तसा तिनं मागं न बघता हात आडवा करून त्याला थांबवलं.

‘चूक झाली, अप्पा,’ ती म्हणाली. ‘पळी बदलली असंल.’

‘तुमच्या चुलीचं इमान ऐकून होतो आम्ही.’

‘हाव. आज सुटलं.’

सोमवारपासून पाचही डबे बंद झाले. दुसरीकडून कुणी नवा आला नाही, येणार कसा? शाळा, बँक, कचेरी, सगळीकडे ही बातमी आठ दिवसांत पोचली आणि तिला ते नाव चिकटलं. पुढची चूल थंड पडली. पंधराएक दिवसांनी मी मागच्या बाजूनं चोरासारखा तिच्या अंगणात गेलो. ती म्हणाली, लग्न ठरलं असं ऐकलं, चांगलं झालं. मी विचारलं, तू असं का बोललीस? ती अंबाडी निवडत होती, निवडत राहिली.

‘तुमी खाली बघितलं, सर. मंग मी काय बोलणार व्हते?’

मग म्हणाली, इकडं येत जाऊ नका आता, लोक बघतात. मी गेलो नाही. खरं सांगायचं तर, तिनं येऊ नका म्हटल्याचं मला बरं वाटलं.

वर्षभरात मी बदली करून घेऊन लातूरला आलो. लग्न झालं, मुलं झाली. इथं थांबलं असतं तरी एक वेळ ठीक. पण ती गोष्ट आमच्या घरात कौतुकाची होऊन बसली. पंगत बसली, पाहुणे आले की अप्पा सुरू करायचे, घशातला काटा, डॉक्टरचा चिमटा, दारातली बाई. दरवेळी थोडी भर पडायची. माझी बायको मुलांना बाहेरचं खाण्यावरून रागवताना हाच दाखला द्यायची. मुलाच्या लग्नात तर आचाऱ्याला ऐकवली अप्पांनी. सगळे हसायचे, आणि मीही हसायचो. तीस वर्षं त्या बाईची मी घरबसल्या बदनामी करत राहिलो, तीही हसत हसत.

एकदाच ती पुन्हा भेटली. दहाएक वर्षांपूर्वी बायकोबरोबर नांदेडला गेलो होतो, तर बाजारात रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून ती पालेभाजी विकत बसलेली. केस पांढरे, पण मी लांबूनच ओळखलं आणि तिनं मला. मी घुटमळलो. बायकोनं विचारलं, ओळखीच्या आहेत का? मी म्हणालो, ‘नाही, भाजीवाली आहे.’ मावशीला ते ऐकू गेलं. तिनं बायकोकडे बघून जुडी उचलली, अंबाडी घ्या ताई, कोवळी आहे म्हणाली. कशी करायची तेही सांगितलं, ज्वारीच्या कण्या घालून मऊ शिजवायची आणि करडईच्या तेलात लसूण लाल करून वरून घालायचा. माझी बायको तेव्हापासून तशीच करते. आमच्याकडे सगळ्यांना आवडते. मीही खातो…

शिवराजच्या फोननंतर आठ दिवसांनी, दहाव्याला, मी नांदेडला गेलो. मामा केव्हाच वारला होता. संगीता आता चाळिशीतली, अंगणवाडीत काम करते, आईजवळच राहायची. तिनं मला ओळखलं, बसायला सतरंजी टाकली. आईचं शेवटचं आजारपण सांगून झालं. मग म्हणाली, ‘सर, एक इचारू? आईकडून तवा तुमच्या डब्यात चूक झाली व्हती. ती लई बेजार असायची त्यावरून. तुमी माफ केलं का तिला?’

म्हणजे तिनं लेकीलाही खरं सांगितलं नव्हतं. आपल्याच घरात ती तीस वर्षं चुकलेली बाई म्हणून राहिली. माझा शब्द राखायला, की मी कधीतरी येऊन स्वतः सांगेन म्हणून, ते आता कळायचा मार्ग नाही. त्या क्षणी तरी माझं तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही. मी म्हणालो, ‘केव्हाच केलं.’

संगीतानं डोळे पुसले आणि हात जोडले.

लातूरची बस पकडली, पण घरी आल्यावर दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळे ताटावर असताना मी सांगून टाकलं. बायको उठून आत गेली. ‘भाजीवाली आहे’ हे माझं वाक्य तिला आठवलं असावं, कारण ती अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलते. अप्पा आता नव्वदीला टेकलेत, त्यांना कमी ऐकू येतं. त्यांना मला तीनदा, मोठ्यानं सांगावं लागलं, की मी मागून मासा खात होतो, डब्यात काही नव्हतं. त्यांनी हात धुतला. मग म्हणाले, ‘त्या बाईला मी चारचौघांत इचारलं रे. आता मला कुणाच्या दारात नेऊन उभं करणार तू?’

गेल्या रविवारी मी पुन्हा नांदेडला गेलो आणि संगीताला सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, तुळशीपुढची शपथ आणि परवाचं ‘केव्हाच केलं’सुद्धा. ती ऐकत होती. मी माफी मागायला हात जोडले, तर तिनं ते खाली करायला लावले. मग उठून तिनं दार उघडलं. गल्लीतली दोन-तीन म्हातारी माणसं बाहेर बसली होती. ‘त्या दिवशी ही समदी व्हती,’ ती म्हणाली. ‘त्यांना सांगा.’ मी उंबऱ्यावर उभा राहून सांगितलं. एका आजीला नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा सांगितलं. ‘आन् बाकीच्यांसाठी पेपरात लिवा,’ संगीता म्हणाली, ‘आईच्या नावानिशी.’ म्हणून हा लेख. पारूबाईनं कुणाच्याही डब्यात कधी मासा घातला नाही. तिच्या चुलीचं इमान कधीच सुटलं नव्हतं. सुटलं ते माझं.

आत स्वयंपाक झालेला होता. भाकरीचा, फोडणीचा वास पडवीपर्यंत येत होता, दुपारचा एक वाजून गेला होता. नेहमीच्या सवयीनं संगीता ताट घ्यायला वळली, मांडणीपर्यंत गेली आणि थांबली.

‘सर, हे घर कुणाला उपाशी लावत न्हाई,’ ती माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली. ‘आईचा नेम हाय. पर आज तुमाला जेवा म्हणणं माझ्यानं व्हायचं न्हाई.’

मी चपला घातल्या आणि निघालो.